हिरडस मावळातील वर्ग



माझे शिक्षण कारखान्याच्या दारातील सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याला मी थिओडोर कुक यांच्याकडे बोट दाखवीन. ते मूळचे रेल्वेचे इंजिनीयर, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. त्यात लॅटिन नावांशेजारी मराठी नावेही आहेत. ती मुळात गुराख्यांच्या, वैदूंच्या, रानात हिरडे वेचणाऱ्या बायांच्या तोंडची. झाडाचे नाव ग्रंथात राहिले. ते सांगणारा बहुधा निनावीच राहिला.

आता भोर-वेल्ह्याकडे चला. भोरकडच्या मुलुखाचे जुने नाव हिरडस मावळ. समजा, इथल्या कॉलेजात एका बाकावर पेठेतला मुलगा आहे आणि डोंगरवाडीतली मुलगी. पुस्तक म्हणते, हिरडा एकच, टर्मिनॅलिया चेबुला. मुलीच्या घरी बाळहिरडा वेगळा, सुरवारी वेगळा. दोन्ही खरे. झाड एकच; कोवळे फळ वाळले की बाळहिरडा, पक्व फळ ते सुरवारी. शास्त्र झाडाची ओळख सांगते, कष्टकऱ्याची भाषा फळाची अवस्था सांगते.

कारवीचेही तसेच. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पदवीचा अभ्यास त्याआधीच संपतो. मग कारवीच्या कुडाच्या घरात जिचा जन्म गेला, त्या आजीलाच विचारावे लागते.

१९७१ साली हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक यांच्यासह सह्याद्रीतील देवराया अभ्यासू लागले. देवराईची हद्द कोणती, तिथली काठी कोणी तोडायची नाही, हे गावकऱ्यांना विचारल्यावाचून कळणारे नव्हते.

यंत्राचा आवाज बदलला, हे त्यावर उभ्या कामगाराला आधी कळते. त्याला कोणी विचारले नाही, तर यंत्र बंद पडते. वर्गातही हेच घडते. घरचे नाव गावंढळ, असे त्या मुलीने एकदा मनाशी धरले की ती गप्प बसते, आणि तिच्या आजीचे ज्ञानही तिच्याबरोबर गप्प होते.

म्हणून प्राध्यापकांना एवढीच विनंती: रानातल्या सहलीच्या वहीत लॅटिन नावाशेजारी गावचे नाव लिहवून घ्या, आणि त्याखाली ते सांगणाऱ्या माणसाचेही.