सायनसची खिडकी

वरच्या दाढा काढून बरीच वर्षे लोटली की तिथले हाड दोन्हीकडून घटते. खालून हिरडीकडचे झिजते, वरून गालामागची सायनसची पोकळी खाली उतरते. इम्प्लांट दहा मिलिमीटरचा आणि हाड उरलेले जेमतेम चार, अशी गत झाली की डेंटिस्ट ‘सायनस लिफ्ट’ सुचवतो आणि पेशंट हबकतो.

या पोकळीची धास्ती जुनीच आहे. इंग्लंडमधल्या शरबर्न गावचा डॉक्टर नॅथॅनिएल हायमोर याने १६५१च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले, त्यात एका बाईची हकिगत आहे. सुळा काढल्यावर तिथे भोक राहिले आणि त्यातून सारखे पाणी गळू लागले. तिने आत चांदीची सळई घातली, ती पार डोळ्याच्या जवळ गेली. मग पिसाची दांडी सारून पाहिली, तर तीही जवळजवळ सगळीच आत. मेंदूत गेली असे वाटून बाईची पाचावर धारण बसली. दांडी खरे तर पोकळीतच गोल फिरली होती.

पुढे सर्जन तिथे मुद्दाम शिरू लागले. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने १८९३मध्ये आणि पॅरिसच्या आंरी ल्युकने १८९७मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ओठ उचलून सुळ्याच्या वरच्या बाजूला हाडात खिडकी पाडायची रीत मांडली. आतला पू काढायचा आणि सडलेले अस्तर खरवडून टाकायचे.

सायनस लिफ्टसाठी डेंटिस्टांनी खिडकी तीच घेतली. अस्तराशी वागणूक मात्र उलटी. अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखे ते अस्तर न फाडता हळूहळू सुटे करून वर उचलायचे आणि खाली झालेल्या जागेत हाडाचा भराव घालायचा. ही कल्पना इम्प्लांटसाठी निघालेली नाही, याचे मला फार नवल वाटते. अमेरिकेत फिलिप बॉयनने १९६०च्या दशकात ती कवळीसाठी वापरली. कवळीला जागा व्हावी म्हणून वरच्या जबड्याचा मागचा फुगवटा तासायचा तर सायनस उघडे पडण्याचा धोका, म्हणून आधी आतून हाड भरून घ्यायचे आणि ते जमले की खालून तासायचे.

इम्प्लांटसाठी ती अलाबामाच्या हिल्ट टेटमने १९७०च्या दशकात वापरली. छापून मात्र आधी आले ते बॉयन आणि रॉबर्ट जेम्स यांचे, १९८०मध्ये. टेटमचा लेख १९८६चा. श्रेय टेटमलाच द्यावे, असे माझे मत.

सुरुवातीला भरावाचे हाड पेशंटच्याच कमरेतून काढत, म्हणजे तोंडाच्या कामासाठी लंगडत घरी जायचे. नंतर गाईच्या हाडातला सेंद्रिय भाग काढून केलेले दाणे आले. आपल्याकडे हे पेशंटला आधी सांगायलाच हवे. सगळ्यांना ते चालणारे नसते. १९९४मध्ये रॉबर्ट समर्सने खिडकीही टाळली. इम्प्लांटच्याच भोकातून, बारीक हत्याराने ठोकत, सायनसचा तळ वर ढकलायचा. हाड बऱ्यापैकी शिल्लक असेल तिथे हे पुरते.

२००४मध्ये स्वीडनच्या स्टेफान लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी भरावच घातला नाही. अस्तर उचलले, इम्प्लांटच्या टोकावर तोलून धरले, खाली रक्त साकळू दिले आणि त्या गुठळीतच नवे हाड धरले. हाड अगदीच पातळ असेल तर मात्र अजूनही बहुतेक डेंटिस्ट भरावच घालतात.