भिंतीच्या अंगावरचे शब्द

गोठ्याच्या किंवा छोट्या कारखान्याच्या चार भिंती उभ्या राहिल्या, की आतून काय लावायचे हा प्रश्न येतोच. गवंडी गिलावा म्हणतो, फॅब्रिकेशनवाला पत्रा सुचवतो, सुतार प्लाय. भिंतीला काय सोसेल आणि काय नाही, याची बरीचशी जाण या शब्दांच्या पोटात साठलेली आहे.

आधी खुद्द ‘भिंत’ पाहू. हा शब्द संस्कृत ‘भित्ति’वरून आला आणि भित्तीचा धातू ‘भिद्’, म्हणजे फोडणे, चिरणे. जी वस्तू आडोसा देते तिच्या नावात फोडणे कशाला? संस्कृत कोशांत भित्तीचा आणखी एक अर्थ मिळतो: चिरलेल्या बोरूची चटई. तो अर्थ ध्यानात घेतला की कोडे सुटते. बोरू किंवा वेळू चिरायचा, विणायचा, उभा करायचा, ही भिंतीची जुनी घडण असावी. दगडविटांची भिंत पुढे आली आणि नाव तेच राहिले.

ही विणलेली भिंत आपल्याकडे अजून आहे आणि तिला स्वतंत्र नावही आहे: कूड. कोकणात आणि पालघर-डहाणूकडे कारवीच्या काठ्या बांधून, दोन्ही अंगांनी माती आणि शेण लिंपून कूड उभा करतात. वारली चित्रे मुळात याच कुडावर तांदळाच्या पिठाने काढली गेली. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ, हलक्या काठीवर माती छान धरते. ‘कूड’ येतो संस्कृत ‘कुड्य’वरून आणि कुड्य म्हणजे भिंत. पण जुन्या कोशकारांनी कुड्याचा अर्थ ‘लिंपण’ असाही दिला आहे. मला हे फार बोलके वाटते. कुडाच्या बाबतीत भिंत कुठे संपते आणि तिच्यावरचा लेप कुठे सुरू होतो, हे वेगळे काढताच येत नाही. लेप गेला तर मागे काठ्या उरतात, भिंत उरत नाही.

‘गिलावा’ मात्र फारसीतून आला. ‘गिल’ म्हणजे माती, ‘आब’ म्हणजे पाणी. दोन्ही मिळून चिखल. हिंदीत गिलावा म्हणजे विटा जोडायचा गारा. मराठीत तो सांध्यातून निघून भिंतीच्या पृष्ठभागावर आला. आज आपण ‘सिमेंटचा गिलावा’ सहज म्हणतो, पण नावात अजून मातीच आहे. ‘प्लॅस्टर’चे मूळ ग्रीकमधल्या औषधी लेपाच्या शब्दात आहे. मोडलेल्या हाताचे आणि भिंतीचे प्लॅस्टर एकाच नावाने ओळखले जाते ते त्यामुळे. आपल्या ‘लेप’ शब्दातही औषध आणि भिंत असेच शेजारी आहेत. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘लिपी’ हा शब्दही ‘लिंपणे’मधूनच निघाला असे हौसेने सांगितले जाते. पण अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘दिपि’ असे रूप आहे आणि ते जुन्या इराणी शब्दाशी जुळते. ध्वनी जुळला म्हणून नाते जोडू नये.

चुन्याचे कूळ सरळ आहे: चूर्ण, चुण्ण, चुना. पण संस्कृतात चुन्याच्या लेपाला ‘सुधा’ असेही म्हणत आणि सुधा म्हणजे अमृतही. सुधेने लिंपलेले ते ‘सौध’, म्हणजे प्रासाद. प्रासादाला त्याच्या अंगावरच्या चुन्याने नाव दिले, इतकी त्या पांढऱ्या लेपाची प्रतिष्ठा होती.

आणि सारवण. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृत व्याकरण लिहिले, त्यात ‘सारव’ हा धातू संस्कृत ‘समारच्’च्या जागी दिला आहे: नीट करणे, डागडुजी करणे. मराठीतले ‘सारवणे’ याच धातूशी जोडले जाते. म्हणजे शेण फासणे हा नंतरचा, विशेष अर्थ. मूळ अर्थ दुरुस्तीचा. चुकीचे बोलून गेल्यावर आपण ‘सारवासारव’ करतो तेव्हा शेणाशिवाय तोच जुना अर्थ वापरतो. मातीच्या भिंतीचा सगळा विचार या एका क्रियापदात आहे. तिचा लेप कायमचा नसतो. तो पावसाळ्यानंतर पुन्हा, सणापूर्वी पुन्हा, घरच्याच हातांनी नीट करायचा असतो.

माती निवडतानाही भाषा मदत करते. गावाच्या शिवारात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असा जुना भेद आहे: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला ती चालत नाही. पांढरी चालते.

आता गोठ्यात येऊ. ‘गोठा’ म्हणजे ‘गोष्ठ’, गायी उभ्या राहण्याची जागा. त्याच गोष्ठापासून गोष्ठी आणि पुढे आपली ‘गोष्ट’. गायींच्या जागी माणसे जमली, बोलली, आणि बोलण्याला गोठ्याचे नाव मिळाले. या जागेत मूत्र, वाफ, शिंगांचे घासणे हे सगळे रोजचे. पत्रा (मूळ ‘पत्र’, पान) पानासारखाच पातळ. गोमूत्रातल्या अमोनियाने तो खालच्या कडेपासून गंजतो. प्लाय म्हणजे पदर, एकावर एक चिकटवलेले. ओल लागली की ते पदर सुटतात. वेल्डिंगच्या कारखान्यात तर प्लाय नकोच, ठिणगी पडते. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल अडकते आणि वर्षा-दोन वर्षांत ढपले निघतात, कारण ताठर सिमेंट आणि हलणारी माती यांची सांगड बसत नाही.

म्हणून माझे मत असे. वीटबांधणीच्या गोठ्यात खालचा चार फुटांचा पट्टा सिमेंटचा, घोटून गुळगुळीत केलेला, धुता येईल असा करा आणि वर चुना द्या. भिंत मातीची असेल तर सिमेंट अजिबात नको. मातीचेच लिंपण करा, वर चुना मारा आणि दरवर्षी सारवा.