भयाची दोन मापे

भयाने दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व आम्हां वकिलांच्या नित्य परिचयाचे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याला तो करार रद्द करून घेता येतो. शेताच्या खरेदीखताला जो न्याय, तो मनुष्याच्या श्रद्धेला लावावयाचा की नाही? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाने ह्या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत. त्यांतील दुसऱ्या उत्तराची झळ गोमंतकातील आपल्या पूर्वजांना लागली असल्यामुळे दोहोंचाही विचार येथे करणे अगत्याचे आहे.

पहिले उत्तर तिसऱ्या शतकातील आहे. इ. स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस ह्याने फर्मान काढले की, साम्राज्यातील रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. असे काही दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, ‘आम्ही नेहमीच देवांना भजत आलो आहोत’ असे निवेदन आणि साक्षी अधिकाऱ्याची सही, असा त्यांचा मसुदा असे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात तर अटक होण्याआधीच ख्रिस्ती लोकांची चौकात रीघ लागली. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी त्यांना उद्या या असे सांगत, तरी लोक हटेनात, असे तेथील बिशप सिप्रियन ह्याने लिहून ठेवले आहे. कित्येकांनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखलाच मिळविला. स्वतः सिप्रियन त्या काळात अज्ञातवासात होता.

छळ ओसरला आणि हे सारे लोक पुन्हा चर्चच्या दाराशी आले. त्यांना आत घ्यावयाचे काय? रोममधील नोव्हेशियन नामक धर्मोपदेशकाने साफ नकार दिला. परंतु २५१ साली कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या सभेने मधला मार्ग काढला. ज्यांनी केवळ दाखला घेतला होता, त्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे आणि ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला, त्यांना मृत्युसमयी क्षमा द्यावी, असे ठरले. पुढे नवा छळ समोर दिसू लागताच दुसऱ्या वर्गालाही दार उघडण्यात आले. ह्या दयेला ख्रिस्ती शिकवणुकीत आधार होताच. येशूला धरून नेले त्या रात्री पेत्राने भयाने तीन वेळा त्याची ओळख नाकारली. तोच पेत्र पुढे चर्चचा आधारस्तंभ झाला. सिप्रियननेही २५८ साली आपल्या श्रद्धेपायी मस्तक दिले. भय श्रद्धेला वाकविते, परंतु नेहमीच मोडीत नाही, हे ह्यावरून दिसते.

आता दुसरे उत्तर पाहू. स्पेनमध्ये सिसेबुत राजाने ज्यू प्रजेला सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावले होते. ६३३ साली तोलेदो येथील धर्मसभेने ठराव केला की, ह्यापुढे कोणावरही अशी सक्ती करू नये; मात्र ज्यांच्यावर ती होऊन गेली, त्यांनी ख्रिस्ती म्हणूनच राहिले पाहिजे. १२०१ साली पोप तिसरा इनोसंट ह्याने ह्या मताला काटेकोर रूप दिले. जो अखेरपर्यंत उघड विरोध करीत राहिला, त्याचा बाप्तिस्मा व्यर्थ. परंतु धमकीला किंवा यातनेला भिऊन ज्याने तो पत्करला, तो त्याला बांधला गेला, असा हा निर्णय. म्हणजे जे भय माणसाला धर्माबाहेर नेते, ते क्षम्य. आणि जे भय त्याला धर्मात आणते, ते बंधनकारक! तराजू एकच, मापे मात्र दोन.

हेच दुसरे माप पोर्तुगिजांबरोबर गोमंतकात आले. अनाथ हिंदू मुलांना पाद्र्यांच्या हवाली करण्याचा राजादेश १५५९ चा. इन्क्विझिशन सुरू झाले १५६० साली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. ज्यांना देवाबरोबर नदी ओलांडता आली, त्यांनी ती ओलांडली. ज्यांची भातशेती, म्हातारी माणसे आणि लेकरे अलीकडे होती, ते मागे राहिले आणि बाटले. पुढे त्यांच्यापैकी कोणी चोरून जुना कुळाचार केला, तर इन्क्विझिशन त्याला धर्मद्रोही ठरवून शिक्षा करी. १८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले.

परंतु वकिलाने केवळ प्रतिपक्षाचाच दोष दाखवावा हे न्यायाचे नव्हे. आपल्याकडे देवलस्मृतीने म्लेच्छांनी बळाने भ्रष्ट केलेल्यांसाठी प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे कार्थेजची दया आपल्या शास्त्रातही होती. व्यवहारात मात्र आपण नोव्हेशियनचा मार्ग धरला. एकदा बाटला तो कायमचा गेला, ही आपली रूढी. १९२८ साली मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांचे शुद्धीकरण केले, तेव्हासुद्धा जुन्या समाजाने त्यांना पूर्णपणे मिसळून घेतले नाही. ‘नवहिंदू गावडे’ म्हणून ते वेगळेच राहिले. ज्याला भयाने बाहेर नेले, त्याला आपल्याच माणसांनी बाहेर ठेवले. ह्यांतील अधिक क्रूर कोणते, हे ठरविणे कठीण आहे.

चर्चने ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे जाहीर केले. आजच्या ख्रिस्ती गोमंतकीयाची श्रद्धाही चार शतकांच्या भक्तीने त्याची स्वतःची झालेली आहे. तिला भयाचे अपत्य म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणासही नाही. आजही शांतादुर्गेच्या आणि मंगेशाच्या दारी साष्टीची ख्रिस्ती माणसे येतात. त्यांच्याशी बोलताना ‘बाटगे’ हा शब्द ज्याच्या ओठांवर येईल, त्याने इतके तरी आठवावे: नदी ओलांडणाऱ्यांचे आपण वंशज आहोत, हे आपले भाग्य, आपले कर्तृत्व नव्हे.