श्री भवानी वस्तुसंग्रहालय, औंध

सातारा जिल्ह्यातील (ता. खटाव) औंध येथील प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय, चित्रशाळा व ग्रंथालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर १९३८ मध्ये त्याची स्थापना केली.

सातारच्या छत्रपतींच्या पदरी असलेल्या जुन्या घराण्यांत भोरचे पंतसचिव व औंधचे पंतप्रतिनिधी यांची गणना होते. १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर दोन्ही जहागिरी इंग्रजांची मांडलिक संस्थाने बनल्या. भोरकरांकडे राजगड व तोरणा या किल्ल्यांचा वेल्ह्याकडील डोंगरी मुलूख होता. औंधचा मुलूख विखुरलेला आणि बव्हंशी अवर्षणप्रवण. अशा बेताच्या उत्पन्नाच्या संस्थानात एवढा कलासंग्रह व्हावा, याचे श्रेय बाळासाहेबांच्या व्यासंगास आहे. ते स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. रामायणावरील त्यांची चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

संग्रहात राजा रविवर्मा यांचे ‘सैरंध्री’, म. वि. धुरंधर यांची चित्रे, पहाडी व राजस्थानी लघुचित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम आहे. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर (१८९८–१९८६) यांचे माता व बालकाचे पाषाणशिल्पही येथे आहे. प्रख्यात पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि ग्रीक शिल्पांचे प्लॅस्टरचे नमुने यांना आज कलामूल्य फारसे दिले जात नाही. परंतु ज्यांना यूरोप पाहणे अशक्य होते, अशा प्रेक्षकांसाठी ते मुद्दाम जमविलेले होते. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे एडमंड रॉबर्ट हॅरिस या वकिलाच्या देणगीतून १८९३ मध्ये खुल्या झालेल्या संस्थेतही संग्रहालय, चित्रशाळा व ग्रंथालय एकत्र आहेत. मात्र ती गिरण्यांच्या भरभराटलेल्या गावात होती. औंध हे आडवळणाचे खेडे.

१९३९ मध्ये बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. कलासंग्रह त्यापूर्वीच राजवाड्याबाहेर आला होता, ही गोष्ट महत्त्वाची होय. अनेक संस्थानिकांचे संग्रह विलीनीकरणानंतर खासगी मालमत्ता म्हणून राहिले. औंध संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, तरी संग्रह जागीच राहिला. पुढे त्याची व्यवस्था राज्यशासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आली. अभ्यासकांबरोबरच देवीच्या दर्शनास डोंगर चढणारे भाविकही तो पाहून जातात.