हिवाळ्यात उभी गाडी आणि तिची बॅटरी

गाडी झाकून उभी करून ठेवली की ती जशी ठेवली तशीच राहते, असा आपला एक सोयीचा समज असतो. टायर, काचा, पत्रा यांच्याबाबतीत तो थोडाफार खरा आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र अजिबात खरा नाही. गाडीतली ही वस्तू अशी आहे की जी काही काम करत नसतानाही आतल्या आत बदलत असते.

मुलीकडे मिनेसोटात दोन हिवाळे काढले तेव्हा तिथली एक पद्धत पाहायला मिळाली. हौसेची म्हणून जपलेली जुनी मोटार ऑक्टोबर संपता संपता गॅरेजमध्ये जाते ती थेट एप्रिलमध्ये बाहेर येते. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो, हे एक कारण. गाडीवर कापड चढते, आणि बॉनेटच्या फटीतून एक बारीक वायर निघून भिंतीवरच्या प्लगपर्यंत जाते. सहा महिने गाडी झोपलेली आणि तिच्या उशाशी हा एक दिवा मिणमिणत असलेला. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलीही रीत दिसली की ती कधी सुरू झाली, हा प्रश्न आपोआप येतो. मग वाचन सुरू झाले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९०८ साली आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या. तिच्या ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाच्या चाकातच बसवलेल्या मॅग्नेटोतून येई आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. थंडी आली की मालक रेडिएटरमधले पाणी काढून टाकी (नाहीतर ते गोठून धातू फुटायचा), गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवून टायरवरचा भार कमी करी आणि कोठीचे दार लावून घेई. उत्तर अमेरिकेत तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची सोयही फारशी नव्हती, आणि बहुतेक गाड्या उघड्या असत. त्यामुळे हिवाळाभर घोडा आणि घसरगाडी. वसंतात पाणी भरायचे, हँडल मारायचे, की गाडी पुन्हा चालू. मधल्या पाच महिन्यांत तिच्यात मरण्यासारखे काही नव्हतेच.

पण ते हँडल! आपल्याकडेही जुन्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांना हँडल मारलेले माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. अंगात ताकद नसलेल्याने, म्हाताऱ्याने, बहुतेक बायकांनीही, पेट्रोलची गाडी एकट्याने बाहेर काढणे अवघडच होते. त्यामुळेच त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जाहिरात खास स्त्रियांसाठी होत असे.

ही अडचण सोडवली ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी. दुकानातला गल्ला विजेवर उघडावा म्हणून त्यांनी आधी एक छोटी मोटर बसवली होती. सतत चालवली तर ती जळेल, पण क्षणभरच चालवायची असेल तर लहान मोटरकडूनही मोठे काम घेता येते, हे त्यांनी तिथे ओळखले होते. तीच युक्ती त्यांनी इंजिनाला लावली आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्या बटण दाबून सुरू होऊ लागल्या. फोर्डने १९१९ मध्ये हा स्टार्टर देऊ केला. यात गंमत अशी की बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीला बाजारातून बाहेर घालवण्यात ज्यांचा हात होता, त्यात पेट्रोलच्या गाडीत बसलेली ही छोटी बॅटरी होती.

या सुखाची किंमत मात्र हिवाळ्यात कळू लागली. आता गाडीत एक अशी वस्तू आली होती की जिला झोप मानवत नाही.

ती का मानवत नाही हे समजायला थोडे मागे जावे लागेल. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर ठेवून एकत्र गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१ च्या सुमारास कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत काढली आणि बॅटरी कारखान्यात झटपट तयार होऊ लागली. आत नेमके काय होते याचे उत्तर १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी दिले. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल खर्च होऊन पाणी वाढते. भरताना हेच उलट होते.

एवढे समजले की पुढच्या सगळ्या गोष्टी त्यातून निघतात. बॅटरीला काहीही जोडलेले नसले तरी ही क्रिया सावकाश चालूच राहते. ताजे सल्फेट बारीक आणि मऊ असते, ते लगेच विरघळते. पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्याचे मोठे, कठीण स्फटिक होतात. साखरेचा पाक डब्यात तसाच विसरला की तळाशी खडीसाखर धरते ना, तसेच. मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग कायमचा गेला.

दुसरी गोष्ट थंडीची. पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (आमच्या वेळच्या पुस्तकातला हा शब्द, आता सापेक्ष घनता म्हणतात) १.२८ च्या आसपास असते आणि ते द्रावण उणे साठ अंशांखालीसुद्धा गोठत नाही. तीच बॅटरी उतरत उतरत १.१५ वर आली की सुमारे उणे पंधराला गोठते आणि १.१० वर आली की उणे आठलाच. बर्फ फुगतो, पत्रे वाकतात, पेटी तडकते. मिनेसोटात जानेवारीत उणे वीस ही काही बातमी नव्हे.

आता यातला पेच पाहा. उष्णता दहा अंशांनी वाढली की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे भरलेली बॅटरी थंड जागीच उत्तम टिकते. घरातल्या शेगडीजवळ मायेने ठेवलेली बॅटरी लवकर उतरणार आणि बाहेरच्या गारठ्यात ठेवलेली टिकणार, पण ती भरलेली असेल तरच. अर्धी उतरलेली असेल तर हाच गारठा तिचा जीव घेणार. सामान्य माणसाला हे सहज सुचण्यासारखे नाही. ते शिकावे लागले.

१९२० च्या दशकात ते शिकवणारा एक धंदाच उभा राहिला. अमेरिकेतल्या गावोगावच्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानांत हिवाळ्यासाठी बॅटऱ्या ठेवून घेत. ओ. ए. विट्टे यांचे मोटारीच्या बॅटरीवरचे एक जाडजूड पुस्तक त्या काळी शिकागोहून निघाले. त्यात या कामाचे तपशील वाचताना मी रंगून गेलो. ठेवण्याच्या दोन पद्धती होत्या, ओली आणि कोरडी. ओल्या पद्धतीत बॅटरी आहे तशी फळीवर ठेवायची, ठरावीक दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि चार्जिंग करायचे. कोरड्या पद्धतीत ती पूर्ण भरून मग चक्क उघडायची. आम्ल ओतून टाकायचे, पत्रे धुऊन वाळवायचे, मधल्या लाकडी पट्ट्या फेकून द्यायच्या आणि वसंतात नव्या पट्ट्या घालून सगळे परत जुळवायचे. ऋण बाजूचे पत्रे हवेत येताच तापू लागतात, म्हणून त्यांना पुन्हा पाण्यात बुडवायचे, ही सूचनाही त्यात आहे. लोणचे घालणाऱ्या बाईची नजर आणि हात या कारागिराला लागत असणार.

घरी बॅटरी ठेवणाऱ्याला मात्र अडचण होती. घरातली वीज एसी आणि बॅटरीला हवी डीसी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने टंगस्टन आणि अरगॉन वापरून एक दिवा काढला, तो विजेला एकाच दिशेने जाऊ देई. दोन्ही नावे जोडून त्याला ‘टुंगार’ म्हणत. त्याने तळघरात चार्जिंग करणे शक्य झाले. काचेच्या नळीचे हायड्रोमीटर घेऊन महिन्यातून एकदा आम्ल ओढून पाहणे हे घरच्या कर्त्या माणसाचे काम झाले.

त्याच तळघरांतून एक समजूत निघाली. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर जमीन तिची वीज ओढून घेते. ती अजूनही ऐकू येते, आणि आपल्याकडचे मेकॅनिकसुद्धा ती सांगतात. जुन्या बॅटऱ्यांच्या पेट्या लाकडी असत. त्या ओलसर जमिनीवर आम्ल आणि दमट यांनी भिजून थोडी वीज झिरपत असे, एवढे त्यात तथ्य. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला जमिनीची काही बाधा नाही. कारण गेले तरी समजूत उरते, हे आम्हा इतिहासवाल्यांना नवे नाही.

सर्वांत लांब हिवाळा मात्र ब्रिटनमध्ये पडला, आणि तो ऋतूचा नव्हता. जुलै १९४२ मध्ये खासगी गाड्यांचे साधे पेट्रोल रेशन बंद झाले, ते १९४५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाले. तीन वर्षे असंख्य गाड्या ठोकळ्यांवर उभ्या होत्या.

१९७० च्या दशकात ‘देखभाल नको’ म्हणणाऱ्या बॅटऱ्या आल्या. पूर्वी शिशाला कडकपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी मिसळत. तिच्यामुळे बॅटरी लवकर उतरे आणि पाणीही उडे. त्याऐवजी कॅल्शियम आले आणि दोन्ही दोष पुष्कळ कमी झाले. पाणी घालायची बुचे गेली, त्याबरोबर हायड्रोमीटर गेले आणि दुकानातल्या त्या फळ्याही गेल्या. आता हा विषय संपला, असे कोणालाही वाटले असते.

झाले उलटेच. बॅटरी सुधारली तोवर गाडीच बदलली. घड्याळ, रिमोटचे कुलूप, चोराची घंटा, इंजिनाचा संगणक हे सगळे गाडी बंद असतानाही चिमूटभर वीज खात राहतात. हिशेब सोपा आहे. तीस मिलिअँपिअर म्हटले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातात. साठ अँपिअर-तासांची बॅटरी चाळीस दिवसांत अर्धी. गोठायच्या वाटेवर लागायला एवढे पुरे. म्हणून शेजाऱ्यांच्या गॅरेजमधली ती वायर. पूर्वीचे साधे चार्जर अखंड वीज ढकलत आणि आतले पाणी उकळल्यासारखे उडवत. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक चार्जर बॅटरी भरली की थांबतात आणि उतरू लागली की थोडी देतात. ज्याच्याकडे प्लग नाही तो बॅटरी पूर्ण भरून ऋण टर्मिनल काढून ठेवतो, आणि व्होल्टमीटरवर १२.४ च्या खाली आकडा गेला की पुन्हा चार्ज करतो. गोठलेली बॅटरी मात्र आधी पूर्ण वितळू द्यायची, तशीच चार्जरला लावायची नाही. ती फुटू शकते.

आपल्याकडे असा हिवाळा नसतो. पण मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या, तेव्हा आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी रोज ‘बॅटरी उतरली’ म्हणून खाली येई. काही मंडळी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून समाधानाने वर जात. स्टार्टरने घेतलेली वीज उभ्या गाडीच्या मंद इंजिनाकडून पाच मिनिटांत भरून निघणे कठीण. शिवाय आपल्या पुण्यातला एप्रिल! तिथल्या गारठ्यात जी बॅटरी सावकाश उतरते ती इथे कितीतरी वेगाने उतरते.

आता विजेच्या मोटारी पुन्हा आल्या आहेत. एवढी मोठी बॅटरी पोटात असताना हा प्रश्न उरणार नाही असे वाटते. पण त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत दारे, दिवे आणि संगणक यांच्यासाठी बारा व्होल्टची शिशाचीच एक छोटी बॅटरी असते. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. मुलीच्या गल्लीत अशी एक गाडी आहे. तिचे मालक हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात, आणि जाताना तिच्याही बॉनेटमधून एक बारीक वायर भिंतीकडे जाते.