समुद्रातून वर आलेले नाट्यगृह

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा अर्धचंद्राकृती रस्ता दक्षिणेकडे जेथे संपतो, त्या अगदी टोकाच्या जागेस नरीमन पॉइंट म्हणतात. तेथे ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ या संस्थेची नाट्यगृहे उभी आहेत. सर्वसाधारण मुंबईकर या लांबलचक नावाच्या वाटेस न जाता आद्याक्षरांवरच काम भागवितो व ‘एन. सी. पी. ए.’ म्हणून मोकळा होतो. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत राहणाऱ्या श्रोत्यास पाणी म्हणजे पाणचक्कीच्या हौदात पडणारे, कोणी दूरच्या झऱ्यापासून नळांनी खेळवून आणलेले, असे ठाऊक असते. मुंबईचा प्रकार याच्या उलट आहे. तेथे पाणी आणावयाचे नसून हटवावयाचे असते, आणि हटविलेल्या पाण्याच्या जागी जी भूमी निघते तिची किंमत सोन्याच्या बरोबरीने लागते. या नाट्यगृहांच्या पायाखाली जी जमीन आहे, ती संस्था स्थापन झाली त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. तेथे समुद्र होता.

या समुद्रावर डोळा ठेवणारे लोक मात्र शंभर वर्षे आधीपासून होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास न भूतो न भविष्यति असा भाव आला. हाती पैसा खुळखुळू लागल्यावर तो गुंतवावयाचा कोठे? बॅकबेचा उपसागर भरून काढण्यासाठी एक कंपनी निघाली, आणि जी जमीन अद्याप पाण्याखालीच होती तिच्या भागांवर लोकांच्या उड्या पडल्या. पाच हजारांचा भाग त्याच्या कितीतरी पटीने विकला जाऊ लागला. १८६५ साली युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला व प्रेमचंद रायचंदांसारख्या मातबर सावकारापासून सामान्य कारकुनापर्यंत अनेकांचे दिवाळे वाजले. समुद्र होता तेथेच राहिला.

दुसरा प्रयत्न सरकारने केला. सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असताना १९२० च्या सुमारास ११४५ एकर समुद्र भरून काढण्याची योजना हाती घेण्यात आली. एकंदर आठ विभाग पाडले होते. बाहेरून दगडी भिंत घालावयाची, बंदराच्या तळचा गाळ यंत्राने उपसावयाचा आणि तो नळांतून भिंतीच्या आत आणून ओतावयाचा, अशी ती कल्पना. कागदावर ती निर्दोष दिसत होती. परंतु आत ओतलेला गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रास जाऊन मिळू लागला, आणि रयतेचा पैसाही त्याच मार्गाने चालला आहे, अशी ओरड सुरू झाली. या योजनेस लोकांनी ‘लॉइडचा मूर्खपणा’ असेच नाव ठेवले. तिच्यातील गैरकारभार चव्हाट्यावर आणण्याचे काम खुर्शेद फ्रामजी नरीमन या तरुण पारशी वकिलाने निर्भयपणे अंगावर घेतले. हार्वे नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. खटला पुष्कळ दिवस चालला व १९२८ साली नरीमन निर्दोष सुटले. आठांपैकी चार विभाग तेवढे पुरे करून सरकारने हात आखडता घेतला. मरीन ड्राइव्ह ही त्या अर्धवट योजनेचीच देणगी होय.

उरलेल्या भागात भर घालण्याचे काम स्वराज्यात, १९६० नंतर, पुन्हा सुरू झाले आणि तयार झालेल्या भूमीस नाव दिले गेले ते नरीमनांचे! ज्याने समुद्र भरण्याच्या व्यवहारावर आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्च करून हल्ला चढविला, त्याचेच नाव भर घातलेल्या जमिनीस मिळावे, यात नामकरण करणाऱ्यांनी विनोद केला की प्रायश्चित्त घेतले, हे सांगणे कठीण आहे. नरीमन स्वतः १९४८ साली निवर्तले होते. या वेळीही विरोध झालाच. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली असे मांडले की, दक्षिण टोकास आणखी कचेऱ्या कोंबण्याऐवजी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. सरकारने नवी मुंबई मान्य केली आणि नरीमन पॉइंटही सोडला नाही.

या खटपटीच्या काळात जमशेद भाभा यांनी आपली मागणी पुढे केली. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे हे धाकटे बंधू. होमी भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान-अपघातात मृत्यू पावले. दोघाही भावांस संगीत व चित्रकलेचा विलक्षण नाद होता. नाटक, गायन, वादन व नृत्य यांच्या जतनासाठी व प्रयोगांसाठी एक कायमचे स्थान असावे, ही जमशेदजींची कल्पना, तीस जे. आर. डी. टाटांचे पाठबळ मिळाले. मुंबईत जागा कोठून आणावयाची, या प्रश्नावर त्यांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. जमीन नसेल तर समुद्र द्यावा, भर आम्ही घालतो, असा तो तोडगा होता! महाराष्ट्र शासनाने सुमारे आठ एकर पाणी देऊ केले. २९ डिसेंबर १९६९ रोजी संस्थेचे उद्घाटन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते भुलाभाई देसाई मार्गावरील ‘आकाशगंगा’ या इमारतीतील तात्पुरत्या जागेत झाले; समुद्रावर अद्याप समुद्रच होता. आकाशवाणीचे माजी महासंचालक नारायण मेनन हे पुढे संस्थेचे कार्यकारी संचालक झाले, हे रेडिओच्या श्रोत्यांस विशेष वाटेल.

मुख्य नाट्यगृहाचा आराखडा अमेरिकन वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांनी केला व ध्वनिव्यवस्था सिरिल हॅरिस यांनी पाहिली. न्यूयॉर्क येथील फिलहार्मोनिक मंडळाचे १९६२ साली बांधलेले सभागृह दिसावयास देखणे, पण ऐकावयास फसलेले निघाले होते. १९७६ साली त्याचे अंतरंग पाडून नव्याने बांधण्याचे काम याच जोडीने केले. तेव्हा आवाज बिघडला म्हणजे काय होते, हे त्यांस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते.

मुंबईचा प्रश्न आणखी नाजूक होता. पाश्चात्य वाद्यवृंदास गुंजन हवे असते. एक स्वर विरण्यापूर्वी दुसऱ्यात मिसळला म्हणजे त्या संगीतास भरदारपणा येतो. आपल्या गायनाचे तसे नाही. तानेतील दाणा न् दाणा सुटा ऐकू आला पाहिजे, आणि तंबोऱ्याचा झंकारही मागे तेवत राहिला पाहिजे. नाटकास तर शब्द स्पष्ट लागतो. गुंजन फार झाले की शेवटच्या रांगेतील प्रेक्षक शेजाऱ्यास ‘काय म्हणाला?’ असे विचारू लागतो. म्हणून सभागृहास पंख्याचा आकार देण्यात आला. हजारावर आसने असूनही श्रोता गायकापासून फार दूर जात नाही, आणि बैठकीतील जवळीक थोडीबहुत टिकते. ध्वनिक्षेपकाविना गाता यावे, हा मूळ हेतू. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी संगीत नाटकातील नटांस छातीच्या जोरावर थिएटर भरावे लागत असे. त्या पिढीस हे सभागृह लाभते तर किती गळे वाचले असते! ११ ऑक्टोबर १९८० रोजी श्रीमती गांधींनीच या टाटा थिएटरचे उद्घाटन केले. १९८६ साली शेजारी प्रायोगिक नाट्यगृह आले. त्यातील आसने हवी तशी हलविता येतात.

तथापि मराठी नाटकाचा नेहमीचा प्रेक्षक येथे आला का? त्याची वस्ती गिरगाव, दादर, परळ येथे व पुढे उपनगरांत. प्रयोग संपल्यावर शेवटची गाडी गाठण्याची त्याला घाई. नरीमन पॉइंटच्या कचेऱ्या संध्याकाळी ओस पडतात आणि चर्चगेट स्टेशन गाठण्यास पुन्हा पायपीट. त्यामुळे दादरच्या शिवाजी मंदिराबाहेर दिसणारी बटाटेवड्याच्या वासातील ती गर्दी समुद्रकाठी क्वचितच जमली. हा दोष इमारतीचा नव्हे, जागेचा होय. आणि १९६५ च्या त्या तिघा टीकाकारांचे म्हणणे येथे आठवल्यावाचून राहत नाही. तरीही पु. ल. देशपांडे यांचा या संस्थेशी निकट संबंध होता, संगीतज्ञ अशोक दा. रानडे यांनी येथे अनेक वर्षे काम केले, आणि ‘प्रतिबिंब’ या नावाने मराठी नाटकांचा महोत्सवही येथे होऊ लागला.

जमशेदजींच्या मनातील खरे स्वप्न अजून राहिले होते. पाश्चात्य संगीतिका, वाद्यवृंद व नृत्यनाट्य यांसाठी त्यांस मोठे थिएटर हवे होते. ते पुरे होत आले असता १९९७ साली आग लागली व आतील सर्व बांधकाम भस्मसात झाले. भाभांचे वय त्या वेळी त्र्याऐंशीच्या घरात. त्या वयात मनुष्य झालेले गेले म्हणून स्वस्थ बसतो. त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि १९९९ साली अकराशेंवर आसनांचे ते थिएटर खुले झाले. त्याच्या दर्शनी दालनात जो भव्य संगमरवरी जिना आहे, तो मलबार हिलवरील पेटिट हॉल या जुन्या वाड्यातून सोडवून आणलेला आहे. २००६ साली संस्थेने आपला वाद्यवृंदही उभा केला.

२००७ साली जमशेद भाभा वारले. मलबार हिलवरील ‘मेहरांगीर’ हा होमी भाभांचा बंगला त्यांच्याकडे आलेला होता. तो त्यांनी या संस्थेच्या नावे केला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात अशा इमारती राखणे म्हणजे रोजचा खर्च. संस्थेने २०१४ साली बंगल्याचा लिलाव पुकारला. भारताच्या अणुसंशोधनाचा पाया घालणाऱ्या पुरुषाचे घर राष्ट्रीय स्मारक म्हणून राखावे, अशी मागणी अणुशक्ती खात्यातील शास्त्रज्ञांनी व कर्मचाऱ्यांनी केली. ती फलद्रूप झाली नाही. ३७२ कोटी रुपयांस बंगला विकला गेला, आणि २०१६ साली तो पाडण्यात आला.