रिकोटा आणि शुभवर्तमान

७ मार्च १९६३ रोजी रोमच्या न्यायालयाने पिएर पाओलो पासोलिनी या कवी-दिग्दर्शकाला चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. आरोप होता राज्यधर्माच्या निंदेचा. त्यानंतर दीड वर्षाने, सप्टेंबर १९६४ मध्ये, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच पासोलिनीचा येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवला गेला. त्याला ज्यूरीचे विशेष पारितोषिक तर मिळालेच, शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही त्याला पुरस्कार दिला.

मधल्या काळात या माणसाला उपरती झाली म्हणावे, तर तसे काहीच नव्हते. तो आधीही नास्तिक आणि मार्क्सवादी होता, नंतरही तसाच राहिला. मग हे घडले कसे?

पासोलिनीचे नाव निघाले की बहुतेकांना त्याचा शेवटचा चित्रपट 'सालो' आठवतो, नाहीतर २ नोव्हेंबर १९७५ रोजी ओस्तियाच्या किनाऱ्याजवळ झालेला त्याचा खून आठवतो. 'खळबळजनक दिग्दर्शक' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. पण मला वाटते, हा माणूस समजून घ्यायचा असेल तर १९६३ आणि १९६४ या लागोपाठच्या वर्षांतले त्याचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत.

थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. पासोलिनी १९२२ साली बोलोन्यात जन्मला. वडील लष्करी अधिकारी, आई सुझान्ना शाळामास्तरीण. आईचे गाव कासार्सा, इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउली प्रांतातले. मुसोलिनीच्या राजवटीत प्रादेशिक बोलींना मान नव्हता. अशा काळात, १९४२ साली, या वीस वर्षांच्या मुलाने आपला पहिला कवितासंग्रह काढला तो शेतकऱ्यांच्या फ्रिउली भाषेत. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याचा धाकटा भाऊ ग्विदो मारला गेला. ग्विदो फॅसिस्टविरोधी लढ्यात होता आणि त्याला मारणारे त्याच लढ्यातले कम्युनिस्ट होते. तरीही थोरला भाऊ पुढे कम्युनिस्ट पक्षात गेला. १९४९ साली एका लैंगिक प्रकरणात त्याच्यावर आरोप झाले, तेव्हा शाळेतली नोकरी गेली आणि पक्षानेही काढून टाकले. १९५० च्या जानेवारीत आईला घेऊन तो रोमला आला.

रोममध्ये आल्यावर त्याला भेटली ती शहराच्या कडेची वस्ती. दक्षिणेतून पोटासाठी आलेली माणसे, चिखलातल्या झोपड्या, दिवसभर उनाडणारी पोरे. त्याच्या कादंबऱ्यांत हीच माणसे आली आणि १९६१ साली 'अक्कातोने' या पहिल्या चित्रपटातही तीच. त्या चित्रपटाआधीच्या हिवाळ्यात अल्बेर्तो मोराविया आणि एल्सा मोरांते या लेखकांबरोबर तो भारतातही येऊन गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनाची सुरुवात मुंबईत, गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात होते. तिथेही त्याची नजर जाते ती रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांकडे.

आता 'ला रिकोटा'कडे वळू. रोस्सेलिनी, गोदार, पासोलिनी आणि ग्रेगोरेत्ती या चौघांच्या चार लघुकथांचा मिळून एक चित्रपट निघाला होता. चौघांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले 'रोगोपाग'. त्यातली पासोलिनीची गोष्ट जेमतेम अर्ध्या तासाची. रोमच्या वेशीवरच्या माळावर येशूच्या क्रूसमरणावरच्या चित्रपटाचे शूटिंग चालले आहे. दिग्दर्शकाच्या भूमिकेत साक्षात ऑर्सन वेल्स. त्याला पोंतोर्मो आणि रोस्सो फिओरेंतिनो या सोळाव्या शतकातल्या चित्रकारांची चित्रे हुबेहूब उभी करायची आहेत. ती दृश्ये झगमगीत रंगांत दिसतात, बाकीची गोष्ट कृष्णधवल. रंगीत देखाव्यातले नट मध्येच हसतात, पडतात. गंभीर संगीताऐवजी नाचाची रेकॉर्ड लागते.

या गडबडीत स्त्राच्ची नावाचा एक गरीब एक्स्ट्रा आहे. स्त्राच्ची म्हणजे चिंध्या. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या भल्या चोराची भूमिका त्याच्याकडे आहे. जेवणाचे पाकीट मिळते ते तो बायकामुलांना देऊन टाकतो. बाईचा वेश करून दुसरे पाकीट मिळवतो, तर ते नायिकेचा कुत्रा फस्त करतो. मग तो कुत्राच एका पत्रकाराला हजार लिरांना विकून स्त्राच्ची धावत सुटतो आणि रिकोटा आणतो. रिकोटा म्हणजे आपल्या पनीरसारखा मऊ, स्वस्तातला पदार्थ. तो अधाशासारखा खात सुटतो. बाकीचे लोक जमतात, हसतात आणि शेवटच्या भोजनाच्या दृश्यासाठी मांडलेले पदार्थही गंमत म्हणून त्याच्यापुढे टाकतात. शेवटी निर्माता बड्या पाहुण्यांना घेऊन येतो, कॅमेरा सुरू होतो. स्त्राच्चीला एकच वाक्य म्हणायचे आहे, पण क्रूसावरून आवाज येत नाही. अति खाण्याने तो तिथेच मेलेला असतो.

१ मार्चला चित्रपट लागला आणि लगेच जप्त झाला. खटला ज्या कलमाखाली चालला ते ४०२ वे कलम १९३० च्या, म्हणजे मुसोलिनीच्या काळातल्या दंडसंहितेतले. १९२९ साली मुसोलिनीने पोपशी करार करून कॅथलिक धर्म हा राज्यधर्म म्हणून पक्का केला होता. राजवट गेली, कायदा राहिला. देव्हाऱ्यातल्या चित्राशी खेळ केला, हा सरकारी पक्षाचा रोख होता. पण चित्राशी खेळ कोण करत होते? क्रूसासमोर नाचणारे, हसणारे लोक तर त्या शूटिंगवर आलेले होते. त्या सगळ्या देखाव्यात येशूच्या शेजारी खरोखर मेला तो एकटा स्त्राच्ची. येशूच्या यातनांची कथा ही आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत थोर घटना आहे, असे पासोलिनीने चित्रपटाच्या सुरुवातीलाच आपल्या नावानिशी सांगून ठेवले होते. न्यायालयाला ते पटले नाही.

आणि गंमत अशी, की हा खटला उभा राहिला तेव्हा येशूवरच्या पुढच्या चित्रपटाची कल्पना त्याच्या डोक्यात आधीच घोळत होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये तो असिसीला एका कॅथलिक संस्थेचा पाहुणा होता. पोप तेविसावे जॉन त्या दिवशी असिसीला येणार म्हणून रस्ते माणसांनी तुंबले होते. हा खोलीतच राहिला आणि उशाजवळचे शुभवर्तमानाचे पुस्तक एका बैठकीत वाचून काढले. पुढे आपला चित्रपट त्याने याच पोपच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे 'शुभवर्तमान' हे 'रिकोटा'चे प्रायश्चित्त नव्हते. दोन्ही एकाच मनातून जवळजवळ एकाच वेळी निघाले होते.

१९६३ साली तो एका धर्मगुरूला बरोबर घेऊन प्रत्यक्ष पॅलेस्टाइनची भूमी पाहून आला. तिथे त्याला आधुनिक इमारती आणि शेती दिसली, हवा होता तो जुना प्रदेश सापडला नाही. तो सापडला दक्षिण इटलीत. मातेरा या गावात डोंगर कोरून केलेल्या घरांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत होती. या वस्तीला राष्ट्रीय लाज म्हटले जाई, आणि १९५२ च्या कायद्याने तिथल्या लोकांना हलवणे सुरू झाले होते. पासोलिनीने त्या 'लाजेचे' जेरुसलेम केले. (याच मातेराला १९९३ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. काळाचा महिमा!)

नट घेतले नाहीत. येशू झाला एन्रिके इराझोकी हा स्पेनचा विद्यार्थी. तो फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध पाठिंबा मिळवायला इटलीत आला होता. गावकऱ्यांचे रापलेले, दात पडलेले चेहरे कॅमेऱ्याने जवळून टिपले. हे सगळे स्त्राच्चीचेच भाऊबंद. आणि क्रूसाखाली कोसळणारी म्हातारी मरिया कोण? पासोलिनीची आई सुझान्ना, जिचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांपूर्वी मारला गेला होता.

संवादांत त्याने आपल्या पदरचे काही घातले नाही, संत मत्तयाचे शब्दच घेतले. येशूचा न्यायनिवाडा चालतो ते दृश्य तर मुद्दाम पाहावे. कॅमेरा गर्दीत मागे उभा आहे. पुढच्यांच्या डोक्यांमधून, हलत-डुलत, लांबवर काय चालले आहे ते दिसते. आदल्या वर्षी स्वतः आरोपी म्हणून उभा राहिलेल्या माणसाने ते टिपले आहे, हे मनातून जात नाही.

गोव्यातल्या वाचकाला इथे फादर थॉमस स्टीफन्स आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १६१६ साली रायतूरला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त त्यांनी ही कथा मराठी ओवीत घातली. ऐकणाऱ्यांना ती आपल्या घरची वाटावी, हा हेतू. स्टीफन्सनी भाषा आणि छंद बदलून जे साधले, ते पासोलिनीने शब्द तसेच ठेवून चेहरे आणि भूमी बदलून साधले. अर्थात एक धर्मप्रसारक होता आणि दुसरा नास्तिक, हा फरक विसरता येणार नाही. पण ही कथा कुणाच्या अंगणात उतरली पाहिजे, हा प्रश्न दोघांनाही पडला होता.

पुढचा हिशेब थोडक्यात. मे १९६४ मध्ये अपिलात पासोलिनी निर्दोष ठरला. २००० साली इटलीच्या घटना न्यायालयाने ते ४०२ वे कलमच रद्द केले. १९९५ मध्ये व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची यादी काढली, तीत 'शुभवर्तमान' होता. २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याला येशूवरचा बहुधा सर्वोत्तम चित्रपट म्हटले.

हा मान मिळाला ते योग्यच झाले. तरी मला राहून राहून वाटते, की 'शुभवर्तमाना'ला वंदन करून 'रिकोटा'ला विसरणे सोपे आहे. डोळे मिटून हात जोडता येतील असा येशू सगळ्यांनाच हवा असतो. त्याच्या शेजारचा भुकेला चोर मात्र फारसा कुणाला नको असतो. पासोलिनीने आधी चोर दाखवला, मग येशू. जमल्यास त्याच क्रमाने पाहा.